सकाळचं आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचं आठवतं: मेंदूत असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ७८ वर्षांचे आहेत. सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी त्यांना आठवत नाही, पण शाळेत आपल्या बाकावर शेजारी कोण बसायचं ते नावानिशी सांगतात. कधी कधी न घडलेल्या गोष्टी ठामपणे सांगतात आणि चूक दाखवली की चिडतात. आठवण मेंदूत नेमकी असते कुठे, शास्त्रज्ञांना त्यातलं आता किती कळलं आहे, आणि वडील असं खोटं का बोलतात?

शेवटच्या भागापासून सुरू करतो. ते खोटं बोलत नाहीत. गेली सव्वीस वर्षं मी मेंदूविकारांचे रुग्ण तपासतो आहे आणि या एका गैरसमजापायी जितकी घरं दुखावलेली पाहिली, तितकी दुसऱ्या कशामुळे पाहिली नाहीत. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं आणि तो ते झाकत असतो. तुमच्या वडिलांकडे झाकायला काही नाही. त्यांच्या मेंदूने एक रिकामी जागा भरून काढली आहे आणि भरलेला मजकूर त्यांना आतून अगदी खऱ्या आठवणीसारखाच जाणवतो. हे कसं घडतं ते समजायचं तर आठवण म्हणजे काय इथपासून यावं लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आपण सगळेच नकळत आठवणीला कपाटातल्या फाइलीसारखं समजतो. घटना घडली, फाइल ठेवली, हवी तेव्हा काढली. विसरणं म्हणजे फाइल हरवणं. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो एका रुग्णाने, आणि आजही स्मृतीचा विषय शिकवताना आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

हेन्री मोलायसन हा अमेरिकेतला तरुण. लहानपणापासून त्याला फिट्स यायच्या आणि पुढे त्या इतक्या वाढल्या की काम करणं अशक्य झालं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानांच्या पातळीवर खोल आत असलेला भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा, कारण मेंदू उघडून पाहिला तर तो तसाच वळलेला दिसतो. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. हेन्रीची बुद्धी शाबूत राहिली, बोलणं शाबूत राहिलं, स्वभावही सौम्यच राहिला. पण त्या दिवसानंतर त्याच्या आयुष्यात नवी आठवण जवळपास तयारच झाली नाही. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या आणि प्रत्येक भेटीत तो त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. बालपण मात्र त्याला आठवत होतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत तुम्ही जे पाहता आहात त्याचंच हे टोकाचं रूप आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की जुन्या आठवणी हिप्पोकॅम्पसमध्ये कोंडून ठेवलेल्या नसतात. नाहीतर त्या ऑपरेशनबरोबरच गेल्या असत्या. हिप्पोकॅम्पस लागतो तो प्रामुख्याने नवी आठवण घडवायला.

मिल्नर यांनी त्याच्यावर केलेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी हेन्रीला आरशात बघून ताऱ्याच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायला सांगितलं. आरशात डावं-उजवं नाही, पण पुढचं-मागचं उलटं होतं, त्यामुळे कोणाचाही हात सुरुवातीला अडखळतो. तीन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी हेन्रीचा हात सफाईने चालत होता. पण हे काम आपण आधी कधी केलं आहे याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. म्हणजे हाताला आलं होतं आणि माणसाला माहीत नव्हतं. आठवण ही एकच गोष्ट नाही, तिचे निरनिराळे प्रकार मेंदूच्या निरनिराळ्या भागांवर अवलंबून असतात, हे या साध्या पेन्सिलीच्या खेळातून सिद्ध झालं. सायकल चालवणं, वाद्य वाजवणं, सही करणं ही कौशल्यं मेंदूच्या खोल गाभ्यातल्या केंद्रांवर आणि मागच्या लहान मेंदूवर अवलंबून असतात. म्हणूनच विस्मरणाचा आजार बराच पुढे गेलेली माणसंही कधीकाळी हातात बसलेली कामं सहज करतात. घरचे तेवढ्यावरून ‘म्हणजे यांना सगळं कळतं, मुद्दाम करतात’ असा अर्थ काढतात. तो अर्थ चुकीचा आहे.

हेन्री २००८ मध्ये वारला. तोवर त्याचं पूर्ण नाव जगाला माहीत नव्हतं, शोधनिबंधांत तो फक्त दोन आद्याक्षरांनी ओळखला जायचा. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जपून ठेवले आहेत. आपण कोणाला किती मदत केली हे त्याला कधीच लक्षात ठेवता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हिप्पोकॅम्पस काही तासांपुरता बंद पडला तर काय होतं हे आम्हाला ओपीडीतही पाहायला मिळतं. एका गृहस्थांना त्यांची पत्नी घेऊन आली होती. ते बायकोला ओळखत होते, स्वतःचं नाव-पत्ता सांगत होते, शंभरातून सात सात वजा करत व्यवस्थित खाली येत होते. पण दर दोन मिनिटांनी विचारायचे, “आपण इथे कशाला आलोय?” उत्तर मिळालं की मान डोलवायचे, चेहऱ्यावर तीच काळजी यायची आणि दोन मिनिटांनी तेच शब्द, तोच सूर, तीच मान. त्यांच्या पत्नीने त्या दुपारी तेच उत्तर किती वेळा दिलं असेल याची गणती नाही, आणि एकदाही आवाज चढवला नाही. संध्याकाळपर्यंत ते पूर्ववत झाले. पुढच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला. ती दुपार मात्र त्यांच्या आयुष्यातून कायमची गेली. ती नंतर ‘आठवण्याचा’ प्रश्नच येत नाही, कारण ती कधी लिहिलीच गेली नव्हती. (इथे एक सांगून ठेवतो: कोणी अचानक असं गोंधळून गेलं तर घरी वाट पाहू नका, त्याच तासात रुग्णालयात न्या. पक्षाघातही असाच सुरू होऊ शकतो.)

‘लिहिलं जाणं’ असा शब्द मी वापरला, पण मेंदूत शाई आणि कागद नाही. मग लिहिलं जातं म्हणजे काय होतं?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. पूर्वी सगळीकडे दहा हजार कोटी असा गोल आकडा सांगितला जायचा. सुझाना हरक्युलानो-हौझेल या ब्राझीलच्या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा एकजीव द्रव करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली आणि २००९ मध्ये आजचा आकडा दिला. एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. दोन पेशींच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीला सिनॅप्स म्हणतात. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते. आठवण म्हणजे या जोडांच्या ताकदीत झालेला बदल.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. एरिक कँडेल यांनी यासाठी समुद्री गोगलगाय निवडली, कारण तिच्याकडे जेमतेम वीस हजार चेतापेशी असतात आणि त्या इतक्या मोठ्या की काही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिला एखाद्या स्पर्शाची भीती शिकवली की ठरावीक सिनॅप्स बळकट होतात. थोडा वेळ टिकणाऱ्या शिकण्यात जुनेच जोड जास्त रसायन सोडतात. दिवसेंदिवस टिकणाऱ्या शिकण्यासाठी पेशीतली जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात आणि नवे जोड फुटतात. या कामासाठी कँडेल यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याआधी १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्जे लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं होतं की एका मार्गावरून विजेचे झपाट्याने झटके दिले, तर तो मार्ग नंतर तासन् तास जास्त जोरात प्रतिसाद देत राहतो. शेतातून वारंवार चालल्याने पायवाट पडावी तसं.

पण इथे एक कोडं शिल्लक राहतं. सिनॅप्स ज्या प्रथिनांनी बनते ती प्रथिनं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मोडून नवी येतात. मग बाकावरच्या मित्राची आठवण सत्तर वर्षं टिकते कशी? ही शंका फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये मांडली होती. डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्या जोडीतले तेच क्रिक. त्यांनी एक शक्यताही सुचवली होती: प्रथिनं एकमेकांना धरून असतील आणि त्यातलं एकेकच बदललं जात असेल, तर साखळी तुटणार नाही. २०२४ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं, की शिकताना बळकट झालेल्या सिनॅप्सवर ‘किब्रा’ नावाचं प्रथिन खुणेसारखं चिकटतं आणि स्मृती टिकवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला तिथे धरून ठेवतं. ही पकड औषधाने सोडवली तर आधी पक्की झालेली आठवणही जाते. एखाद्या वाड्याची एकेक वीट बदलत गेली तरी वाडा तोच राहतो, तसा हा प्रकार दिसतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या अंदाजाला असं उत्तर मिळताना पाहणं हे या व्यवसायातलं एक मोठं सुख आहे.

आता थेट ‘कुठे’ या प्रश्नाकडे. कार्ल लॅशली यांनी पहिल्या महायुद्धानंतरची कितीतरी वर्षं उंदरांच्या मेंदूचे वेगवेगळे तुकडे काढून आठवणीची जागा शोधली आणि १९५० मध्ये हात टेकले. कुठलाही एक तुकडा काढला तरी शिकलेला चक्रव्यूह पूर्ण पुसला जात नव्हता. आज आपल्याला कळतं की त्यांना अपयश का आलं. आठवण एका ठिकाणी नसते. ती पसरलेल्या पेशींचा एक गट असते, जणू गर्दीत विखुरलेली पण एकमेकांना ओळखणारी माणसं. असा गट शोधायला गर्दीतल्या नेमक्या त्याच माणसांवर खूण करता यायला हवी. ते जमलं हिरव्या शैवालामुळे. काही शैवालांत प्रकाश पडला की उघडणारं प्रथिन असतं. २००५ पासून ते चेतापेशींत बसवण्याचं तंत्र आलं आणि हव्या त्या पेशी प्रकाशाने चालू-बंद करता येऊ लागल्या.

२०१२ मध्ये एमआयटीत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने उंदराला एका पेटीत हलका शॉक देताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी जाग्या झाल्या त्यांवर खूण केली. मग उंदराला अगदी वेगळ्या, सुरक्षित पेटीत ठेवून फक्त त्याच पेशींवर प्रकाश टाकला. उंदीर भीतीने गोठून उभा राहिला. आठवण प्रकाशाने पेटवली गेली होती. पुढच्या वर्षी ते आणखी पुढे गेले. उंदराला एका निरुपद्रवी पेटीत फिरवलं आणि त्या पेटीच्या आठवणीवर खूण केली. नंतर दुसऱ्या पेटीत शॉक देतानाच पहिल्या पेटीची आठवण प्रकाशाने जागी केली. त्यानंतर उंदीर पहिल्या पेटीत भिऊ लागला, जिथे त्याला कधीच काही झालं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीची आठवण प्रयोगशाळेत तयार झाली होती. त्या उंदरासाठी ती भीती खोटी नव्हती. तुमच्या वडिलांच्या ठामपणाकडे पाहताना हा उंदीर मला नेहमी आठवतो.

मग ताजं जातं आणि जुनं राहतं, ते का? घटना घडते तेव्हा तिचे तुकडे मेंदूच्या वरच्या थरात पसरतात: दृश्य मागच्या भागात, आवाज बाजूच्या भागात, तर भीती किंवा आनंद खोल आतल्या अमिग्डाला या भावनांच्या केंद्रात. हिप्पोकॅम्पस या सगळ्यांचा धागा हातात धरून असतो. एका तुकड्याला हात लागला की बाकीचे त्याच धाग्याने ओढले जातात. पुढे दिवस, महिने, वर्षं जातात, ती आठवण पुन्हा पुन्हा जागी होते आणि तुकडे एकमेकांशीच थेट जोडले जातात. धाग्याची गरज हळूहळू कमी होते. यातलं बरंचसं काम झोपेत होतं. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं, की उंदीर जागेपणी एखाद्या वाटेवर फिरताना ज्या पेशी एकत्र पेटतात त्याच पेशी नंतर गाढ झोपेत पुन्हा एकत्र पेटतात. मेंदू दिवसभराचा पाठ रात्री उजळतो म्हणा ना.

अल्झायमर या आजारात पेशींमधल्या टाउ नावाच्या प्रथिनाचे गुंते साधारणपणे हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या उंबरठ्यावरच्या भागापासून वाढत जातात आणि मग बाहेर पसरतात. म्हणजे धागा धरणारा हातच आधी थकतो. सकाळी आलेल्या पाहुण्याचे तुकडे कोणी बांधलेच नाहीत. बाकावरच्या मित्राचे तुकडे मात्र सत्तर वर्षांत एकमेकांत घट्ट विणले गेले आहेत. त्यांना सध्या तरी त्या हाताची फारशी गरज नाही. अलीकडचं आधी जातं आणि जुनं उशिरा, हा क्रम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवला होता, मेंदूत डोकावण्याचं कुठलंही साधन नसताना, केवळ रुग्णांकडे नीट बघून.

आता न घडलेल्या गोष्टींविषयी. इथे मला तुमच्या वडिलांना थोडं बाजूला ठेवून तुमच्या-माझ्या मेंदूबद्दल बोलायचं आहे, कारण ही केवळ आजाराची गोष्ट नाही.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की तुम्हाला ही बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. जवळपास एक चतुर्थांश जणांची उत्तरं सपशेल चुकली. वर्गात कळलं होतं ते खोलीत टीव्हीवर पाहिलं झालं होतं. खात्री मात्र त्यांना पुरेपूर होती. त्यांना स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला तरी मूळ आठवण परत आली नाही. अक्षर आपलंच आहे हे दिसत असूनही मनातलं चित्र हलत नव्हतं. हे तरुण होते, निरोगी होते.

याचं कारण असं, की आठवण काढणं म्हणजे तुकडे पुन्हा जुळवणं. जुळवताना मधलं एखादं चित्र नसेल तर मेंदू ते सहसा काय घडतं यावरून भरतो. आणि जुळवलेलं चित्र पुन्हा ठेवलं जातं ते बदलासकट. २००० साली करीम नादेर यांनी न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर हे दाखवलं. आवाज ऐकला की शॉक बसतो हे उंदीर शिकले. दुसऱ्या दिवशी आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डालामध्ये प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं. नंतर ते उंदीर त्या आवाजाला जवळजवळ घाबरेनासे झाले. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती होती तशीच राहिली. म्हणजे पक्की आठवणही बाहेर काढली की काही तास ओल्या मातीसारखी मऊ होते आणि तिला पुन्हा सुकावं लागतं. या वेळात तिच्यावर उमटलेले ठसे तिचाच भाग बनतात. भयंकर अनुभवांनी पिचलेल्या माणसांची भीती अशा रीतीने सौम्य करता येईल का यावर काम चालू आहे, पण माणसांवरचे निकाल आजवर मिश्र आले आहेत. कोणी ‘वाईट आठवणी पुसून देतो’ अशी जाहिरात करत असेल तर तिथे जाऊ नका.

निरोगी माणसात या भरून काढण्यावर मेंदूच्या कपाळामागच्या भागाची देखरेख असते. ‘थांब, हे खरंच झालं होतं की फक्त वाटतंय?’ असं तो विचारतो. तुमच्या वडिलांच्या मेंदूत जागा जास्त रिकाम्या आहेत आणि बहुधा ही देखरेखही सैल झाली आहे. भरणारं यंत्र मात्र पूर्वीइतक्याच तत्परतेने चालू आहे. वैद्यकीय भाषेत याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. तुम्ही ‘असं झालंच नव्हतं’ म्हणता तेव्हा त्यांच्या दृष्टीने तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट नाकारत असता. अशा वेळी कोणीही चिडेल.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. २०१६ मध्ये तोनेगावा यांच्याच गटाने अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेसारखी स्थिती असलेले उंदीर घेतले. त्यांना शॉक बसलेली पेटी दुसऱ्या दिवशी आठवत नव्हती. पण त्या आठवणीच्या पेशींवर थेट प्रकाश टाकला तेव्हा उंदीर गोठले. म्हणजे आठवण तिथे होती, तिच्यापर्यंत जाणारी वाट खचली होती. हे उंदीर जनुकीय बदल केलेले होते, अवस्था अगदी आरंभीची होती आणि माणसाच्या मेंदूत असा प्रकाश सोडायचा उपचार आज नाही. त्यामुळे यावरून आशेचे इमले बांधू नका. पण रोज एक साधी गोष्ट दिसते, ती याच्याशी जुळते: ‘सकाळी कोण आलं होतं?’ याला उत्तर न देणारे रुग्ण ‘तो उंच, चष्मा लावणारा आला होता ना?’ म्हटलं की कधी कधी नाव घेतात. आजार वाढत जातो तशी ही मदत कमी कमी उपयोगी पडते. सुरुवातीला मात्र करून बघण्यासारखी आहे.

‘शास्त्रज्ञांना किती कळलं आहे’ याचं प्रामाणिक माप हवं असेल तर हे पाहा. मे २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या गटाने माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. तो तुकडा फिट्सच्या ऑपरेशनमध्ये, खाली हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचण्यासाठी काढावा लागलेल्या भागातला होता. हेन्रीचं ऑपरेशन झालं त्याच परिसरातून आलेला. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा त्या तुकड्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी सिनॅप्स निघाले, आणि चित्रांचा साठा १,४०० टेराबाइट भरला. त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. बहुतेक पेशी एकमेकींना एखाद-दुसऱ्याच जोडाने बांधलेल्या असतात, पण काही मोजक्या जोड्यांमध्ये पन्नासहून अधिक जोड होते. पक्की शिकलेली गोष्ट अशीच दिसते का, हा आता खुला प्रश्न आहे. त्याच वर्षी फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, सुमारे १,३९,००० पेशींचा, आराखडा पूर्ण झाला. माणसाच्या अख्ख्या मेंदूचा असा नकाशा अजून फार लांब आहे. आणि नकाशा हातात आला तरी रस्त्यावरची रहदारी कळत नाही, हे वेगळंच.

‘आपण मेंदूचा दहा टक्केच वापरतो’ असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरून जा. शरीराच्या वजनात दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही वीस टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के भाग नुसता बसून असता तर हा खर्च शरीराने कधीच सोसला नसता.

आता वडिलांकडे परत येऊ. अल्झायमरची गोष्ट मी इतकी केली, पण तुमच्या वडिलांना तोच आजार आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही आणि तुम्हीही धरून चालू नका. विस्मरणाची काही कारणं बरी होणारी असतात आणि ती आधी तपासायची असतात: बी-१२ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, काही औषधं (विशेषतः झोपेच्या गोळ्या आणि काही प्रकारच्या ॲलर्जीच्या व लघवीच्या गोळ्या), आणि डोक्याला किरकोळ मार लागून कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतो. पडल्याचं घरच्यांच्या लक्षातही नसतं, दोन महिन्यांनी माणूस ‘विसराळू’ होतो, आणि एक साधं स्कॅन व छोटं ऑपरेशन त्याला परत आणतं. असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि उशिरा आलेलेही पाहिले आहेत. कान तपासायलाही विसरू नका. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं? २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबणीवर पडेल असा त्यांचा अंदाज आहे. त्या कारणांत ऐकू कमी येणं बरंच वर आहे.

नव्या औषधांबद्दल तुम्ही वाचलं असेल. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन धुऊन काढणारं लेकॅनेमॅब अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालं. सुमारे १,८०० रुग्णांच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाचा वेग साधारण २७ टक्क्यांनी कमी झाला. आजार थांबला नाही, गेलेलं परत आलं नाही, आणि आठात एका रुग्णाच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली. ते फक्त सुरुवातीच्या अवस्थेत आणि अमायलॉइड सिद्ध झाल्यावरच द्यायचं असतं. अल्झायमरची पहिली रक्तचाचणीही अमेरिकेत २०२५ मध्ये मान्य झाली. माझ्या मते या दोन्हींपैकी चाचणीचं महत्त्व पुढच्या काळात जास्त ठरेल, कारण अमायलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतं आणि आम्ही आजवर फार उशिरा पोचत आलो आहोत.

घरी काय कराल? ‘ओळखलंत का?’, ‘आठवतंय का?’ हे प्रश्न बंद करा. ती परीक्षा असते आणि ते त्यात रोज नापास होतात. त्याऐवजी उत्तर आधीच देऊन टाका: “बाबा, सकाळी तुमचे जुने शेजारी आले होते, ते सांगत होते...” न घडलेली गोष्ट सांगितली आणि त्याने कोणाचं नुकसान होत नसेल, तर दुरुस्त करू नका, त्या गोष्टीतल्या भावनेला उत्तर द्या. औषधं, पैसे, गॅस, गाडी यांच्या बाबतीत मात्र वाद न घालता व्यवस्था आपल्या हातात घ्या. जुन्या आठवणी सांगायला लागले की ऐका आणि जमेल तेव्हा त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा.

आणि एक वही आणा. कोण आलं, काय बोलणं झालं, कोणती गोळी घेतली, हे त्याच वेळी, त्यांच्याच अक्षरात त्यांना लिहू द्या. तुम्ही लिहिलेलं त्यांना पटणार नाही. स्वतःच्या अक्षरावर प्रत्येक वेळी विश्वास बसेलच असं नाही, पण निदान कोणी आपल्याला खोटं पाडतंय असं वाटणार नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. पहिल्या भेटीत मला कुठल्याही स्कॅनइतकाच उपयोग त्या वहीचा होतो.